कानामागची गाठ आणि चेहऱ्यावरचं हसू

बालमित्रांनो, आपल्या नाशिकचं नाव कशावरून पडलं, ते तुम्हाला ठाऊक असेलच. लक्ष्मणानं इथल्या पंचवटीत शूर्पणखेचं नाक कापलं, अशी कथा सांगतात. त्या कथेत नाकाबरोबर कानही कापले जातात बरं का! पण कान कोणाच्या लक्षात राहतात? आज आपण या दुर्लक्षित कानाबद्दलच बोलूया.

आपल्या मेंदूतून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. त्यातली आठवी जोडी ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची. तुम्ही सायकलवरून पडत नाही, त्यात तिचाही वाटा असतो. तिच्या अगदी शेजारून सातवी जोडी जाते, ती चेहरा हलवणारी. हसणं, डोळे मिटणं, नाक मुरडणं ही सगळी तिची कामं.

कधी कधी आठव्या तंतूच्या आवरणावर एक गाठ वाढू लागते. घाबरू नका, हा कर्करोग नव्हे. ती शरीरात इतरत्र पसरत नाही. बहुधा वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर एवढीच वाढते, तर काही गाठी वाढतच नाहीत. मुलांमध्ये ती फार क्वचित आढळते, चाळिशी-पन्नाशीनंतर जास्त.

मग काळजी कशाची? जागेची! कवटी म्हणजे काही फुगा नव्हे. गाठ द्राक्षाएवढी असताना फक्त एका कानानं कमी ऐकू येतं किंवा कानात शिट्टी वाजल्यासारखं वाटतं. पण ती लिंबाएवढी झाली, की श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या मेंदूच्या देठावर दाब येतो. चालताना तोल जातो, डोकं दुखतं, मेंदूतलं पाणी तुंबतं. आपल्याकडे बरेच रुग्ण इतका उशीर झाल्यावरच डॉक्टरांकडे पोहोचतात.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या शस्त्रक्रियेत बहुतेक रुग्ण दगावत. अमेरिकेतल्या हार्वी कुशिंग यांनी वेगळी युक्ती केली. अख्खी गाठ ओढून काढायची नाही, आतला गर तेवढा काढायचा! १९१७ साली त्यांनी या गाठींवर पुस्तकच लिहिलं. आपल्या मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. होमी दस्तूर यांनी १९५७ साली मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. पुढे १९६० च्या दशकात विल्यम हाउस यांनी या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आणला आणि केसासारखे तंतूही स्पष्ट दिसू लागले.

आता ही शस्त्रक्रिया कशी करतात? कानामागच्या हाडात एक छोटी खिडकी पाडतात. पपईचा गर चमच्यानं काढावा तसा गाठीचा आतला भाग काढतात. पोकळ झालेली साल आत दुमडते आणि मग ती हळूहळू सोडवतात. खरी कसोटी इथेच लागते. चेहऱ्याचा तो सातवा तंतू ताणून ताणून गाठीवर पातळ फितीसारखा चिकटलेला असतो. तो तुटला, तर अर्धा चेहरा लुळा पडतो आणि पापणी मिटत नाही. म्हणून चेहऱ्याच्या स्नायूंना तारा जोडून ठेवतात. तंतूला धक्का लागला, की यंत्र आवाज करतं.

आणि साल तंतूला फारच घट्ट चिकटली असेल तर? तर डॉक्टर तेवढा पातळ तुकडा मुद्दाम मागे ठेवतात. पुढे एमआरआय काढून त्यावर लक्ष ठेवतात. वाढलाच तर किरणांचा उपचार करतात. मोठ्या गाठीत त्या कानाचं ऐकणं बहुधा परत येत नाही. पण जीव वाचतो आणि पुष्कळदा हसूही वाचतं. गेलेला तोल मेंदू व्यायामानं पुन्हा शिकतो, जसे तुम्ही लहानपणी चालायला शिकलात तसा!

यात तुमचं काम काय? आजी फोन नेहमी एकाच कानाला लावते का? बाबा 'या बाजूला येऊन बोल' म्हणतात का? बहुतेक वेळा कारण साधंच निघेल, मळ किंवा वय. पण 'वय झालं, चालायचंच!' म्हणून सोडून देऊ नका. आईबाबांनो, तुम्हीसुद्धा! कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून ऐकण्याची तपासणी करून घ्या. गरज वाटली, तर ते एमआरआय सांगतील. गाठ द्राक्षाएवढी असतानाच सापडली, तर लढाई पुष्कळ सोपी होते.