परड्यातलं बांधकाम आणि परवानगी



उसाच्या बिलाचा हप्ता हातात पडला की परड्यात काहीतरी उभं राहतंच. कुणाचा गोठा, कुणाची न्हाणी. परवानगीचं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आपल्याच जागेत बांधतोय, कुणाला विचारायचं?" म्हणून हे चार शब्द.

ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 52 प्रमाणे नवी इमारत बांधणे किंवा जुनी पाडून पुन्हा उभारणे यास पूर्वपरवानगी लागते. गिलावा, रंग, फुटकी कौलं बदलणे ही डागडुजी. पण पत्र्याच्या छपराला भिंती घालून खोली केली, की ती डागडुजी राहत नाही.

डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या एकात्मिक नियमावलीनंतर काम बरंच सोपं झालं आहे. गावठाणात 300 चौरस मीटरपर्यंतच्या जागेसाठी नगररचना कार्यालयाचे हेलपाटे नाहीत. मालकीचा कागद, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीत द्यायचं व शुल्क भरायचं.

खरी अडचण मालकीच्या कागदाची. नमुना 8 चा उतारा म्हणजे घरपट्टीची नोंद. तो मालकीचा पुरावा नव्हे. पट्टी कित्येक वर्षं भरली म्हणून जागा आपली ठरत नाही. स्वामित्व योजनेत मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळाली असेल तर ती आधी काढावी. भावाभावांत वाटणी तोंडीच झाली असेल, तर जोत्याची आखणी करण्यापूर्वी ती कागदावर आणावी. आपल्याकडे तिथंच घोडं अडतं!

आमच्या पाहण्यातले एक सभासद. न्हाणी बांधली, ढाळ नेमका शेजाऱ्याच्या भिंतीकडे. पागोळ्याही तिकडेच. पहिल्याच पावसाळ्यात भिंत ओली झाली, बोलणं बंद झालं, तक्रार गेली. मोजणीत जोतं हातभर पलीकडे निघालं. ते पाडून पुन्हा घालावं लागलं, आणि त्यात एका हप्त्याची रक्कम गेली. शोषखड्डा आपल्या हद्दीत घेतला असता तर ही वेळच आली नसती.

शेतातली गोष्ट वेगळी. औजारं, वैरण, जनावरं किंवा शेतकरी कुटुंबाचा निवारा यासाठीची इमारत जमीन महसूल संहितेच्या कलम 41 प्रमाणे शेतीचाच वापर समजतात. काही क्षेत्रांत मात्र त्यासही परवानगी लागते, तेव्हा तलाठ्याकडे विचारून घ्यावं. आणि त्याच खोलीत दुकान थाटलं, की तो शेतीचा वापर राहत नाही.

अर्ज दोन प्रतींत करावा. एका प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेऊन ती घरी जपून ठेवावी.