मनगटाची वेदना आणि सोनोग्राफीची साक्ष

ऑक्टोबरमध्ये तासगाव परिसरातील द्राक्षबागांत फळछाटणीची घाई असते आणि पाठोपाठ वाळवा-कऱ्हाड पट्ट्यात ऊसतोडणी सुरू होते. दिवसभर कात्री किंवा कोयता चालविणारे हात मग वैद्यांपुढे येतात. अंगठ्याच्या मुळाशी वेदना, किंचित सूज, मूठ आवळताना कळ. तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या मातांमध्येही हेच चित्र दिसते.

सुश्रुताचार्यांनी सांगितलेल्या १६ कंडरांपैकी ४ हातांतील आहेत. अंगठ्याच्या दोन कंडरांवरील आवरण जाड होऊन त्या अडकतात, या विकाराचे वर्णन स्विस शल्यचिकित्सक डी क्वेरव्हेन यांनी १८९५ मध्ये केले. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकविल्यास वेदना उसळते. बहुतेक रुग्णांत एवढ्यावरच निदान होते.

शंका उरल्यास सोनोग्राफी उपयोगी पडते. निरोगी कंडरा समांतर तंतूंची उजळ पट्टी दिसते. शोथात ती जाड व काळसर होते, भोवती द्रव साठतो आणि डॉपलरवर वाढलेला रक्तप्रवाह दिसू शकतो. दोन कंडरांमध्ये पडदा असल्यास तोही कळतो. मात्र प्रोब तिरका धरला तर निरोगी कंडराही काळसर दिसते. म्हणून केवळ अहवालावर विसंबू नये, तो रुग्णाच्या हाताशी ताडून पाहावा.

गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार असे यंत्र नोंदणीकृत केंद्राबाहेर वापरता येत नाही, मग तपासायचे मनगट का असेना. म्हणून रुग्णास केंद्राकडे पाठविताना चिठ्ठीत दुखरी जागा, वेदना वाढविणारी हालचाल आणि आपली शंका स्पष्ट लिहावी.

स्नायुगत वातात स्नेहन, उपनाह, बंधन व अग्निकर्म शास्त्रोक्त आहेत; हाताला विश्रांती मिळाली तरच त्यांना यश येते. परंतु काटा वा कोयता लागल्यानंतर बोट सर्व बाजूंनी सुजले, अर्धवट वाकलेले राहिले, तळहाताच्या बाजूने कंडरेच्या मार्गावर दाबल्यास दुखू लागले आणि हलकेच सरळ करतानाही असह्य कळ आली, तर तो आवरणातील पूय समजावा. तेथे मर्दन नको, शेक नको, सोनोग्राफीची प्रतीक्षाही नको. रुग्णास तत्काळ शल्यचिकित्सकाकडे धाडावे. औषधविक्रेत्या बंधूंनीही अशा वेळी तेलाची बाटली वा वेदनाशामक गोळी हाती न देता हाच मार्ग दाखवावा. ज्याचे पोट हातावर आहे, त्याचे एक बोट ताठरले तरी घराची मिळकत थांबते.