जासूद ते खबऱ्या

भंडाऱ्यात वैनगंगेची रेती भरलेला टिप्पर पकडला किंवा मोहाची हातभट्टी उद्ध्वस्त केली, की बातमीतलं एक वाक्य ठरलेलं असतं: गुप्त बातमीदाराकडून माहिती मिळाली आणि पथकाने सापळा रचला. वाक्य पोलिसी वळणाचं, पण त्यातला बातमीदार जुन्या घराण्यातला आहे. सभासदाच्या बखरीत १६६४ च्या सुरतेच्या स्वारीआधी तिथली खबर आणणारा बहिर्जी जाधव हा जासुदांचा नाईक म्हणून येतो. जासूद, हेर, नजरबाज, हरकारा ही तेव्हा उघड चाकरीची नावं होती. काम गुप्त असलं तरी हुद्द्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातही, म्हणजे आजच्या भंडाऱ्यातही, बातमी पोचवणं हा राज्यकारभाराचाच भाग होता. आज त्याच कामासाठी सर्रास वापरला जाणारा शब्द आहे ‘खबऱ्या’, आणि तो उच्चारताना आवाजात तुच्छता येते. काम तेच राहिलं, मग मान का गेला?

माझ्या मते शब्दाचा मान बातमी कोणाच्या दारी जाते यावर ठरत आला. १८१८ मध्ये कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने इंग्रजांविरुद्ध उठला. कामठा पुढे दीर्घकाळ भंडारा जिल्ह्यात होता, आता गोंदियात आहे. अशा बंडात एकच माणूस एका बाजूला विश्वासू जासूद ठरतो आणि दुसऱ्या बाजूला फितूर. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि गावची बातमी परक्या सरकारच्या पोलिसांकडे जाऊ लागली. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १२५ ने गुन्ह्याची माहिती कुठून मिळाली हे सांगायला पोलिसाला भाग पाडता येणार नाही, असं ठरवलं. माहिती देणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ही तरतूद आवश्यकच होती, पण तिच्यामुळे तो कायमचा निनावी झाला. सरकारी बाजूला गोपनीय शाखा, राज्य गुप्तवार्ता विभाग अशी भारदस्त नावं आली. रहस्यकथांनी गुप्तहेराला नायक केलं. गावातल्या माणसाच्या वाट्याला मात्र ‘खबऱ्या’ आणि ‘चुगलखोर’ एवढेच शब्द उरले.

कोणी म्हणेल, शब्दाने काय होतं? पोलीससुद्धा बोलताना खबरीच म्हणतात. शिवाय पैशासाठी किंवा जुन्या वैरातून खोट्या खबरा देणारेही असतातच. हे दोन्ही खरं आहे. पण खोट्या खबरेवर इलाज तपासाचा आहे. त्यासाठी खरी माहिती देणाऱ्यालाही हिणवण्याची गरज नाही. आणि शब्दाने काय होतं, हे शेजारच्या गडचिरोलीने पाहिलं आहे. पोलिसांचा खबऱ्या ठरवून नक्षलवाद्यांनी तिथे कितीतरी गावकऱ्यांना मारलं. त्यात कोणी खरोखर माहिती देत होता की नाही, हे ठरवायला कुठलं न्यायालय बसलं नव्हतं. तरीही दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात ‘खबऱ्याची हत्या’ असं छापून आलं, म्हणजे मारणाऱ्याचा आरोप मेलेल्याची ओळख झाला. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा होईपर्यंत देवरी, सालेकसा हा जंगलपट्टा भंडारा जिल्ह्यातच होता. ही झळ आपल्यापासून लांबची नाही.

‘खबऱ्या’ऐवजी ‘बातमीदार’ म्हणावं, तर दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: बातमीदार म्हणजे आता पत्रकार, तोच शब्द दोघांना लावला तर पत्रकारावर संशय येईल. म्हणूनच ‘गुप्त’ हे विशेषण टिकवायला हवं. रोजच्या गुन्हेवार्तेत ते असतंच आणि वाचकाचा गोंधळ होत नाही. रेतीच्या धंद्यात तर अधिकाऱ्यांच्या गाडीवर पाळत ठेवून फोनवरून ‘लोकेशन देणारे’ही असतात. हेरगिरी तीही, पण तिला असा साधा, अपमान नसलेला शब्द मिळाला. कायद्याला मदत करणाऱ्याला तेवढंही मिळू नये, हे मला अन्यायाचं वाटतं. जिल्ह्यातल्या वार्ताहरांना आणि उपसंपादकांना म्हणूनच विनंती आहे: मारल्या गेलेल्या माणसाचं नाव, गाव आणि धंदा आधी लिहा. खबऱ्या असल्याचा आरोप कोणी केला, ते त्याच वाक्यात सांगा, आणि मथळ्यातून तो शब्द काढून टाका.