समुद्राचे धन आणि छोटा भागधारक

हुबळी-धारवाडला समुद्र नाही. जवळचा समुद्र कारवारचा, तोही घाट उतरून दीडशे किलोमीटरच्या पलीकडे. तरीसुद्धा आमच्या वर्गात हल्ली समुद्राशी संबंधित छोट्या कंपन्यांच्या शेअर्सची चर्चा फार चालते. कोणी मासळीची भुकटी करते, कोणी कोळंबी गोठवून परदेशी पाठवते, कोणी बंदरातला गाळ उपसते. मोबाईलवर डीमॅट खाते चटकन उघडता येत असल्याने विद्यार्थीही अर्ज भरू लागले आहेत. तेव्हा हे धंदे चालतात कसे, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पाहून घेतलेले बरे.

आपल्याच राज्यातले उदाहरण घेऊ. मंगळूरच्या मुक्का प्रोटीन्स या कंपनीने २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये २८ रुपये दराने आठ कोटी शेअर्स विकून २२४ कोटी रुपये उभे केले. मागणी शंभर पटींहून अधिक आली आणि ७ मार्चला मुंबई शेअर बाजारात पहिला भाव ४४ रुपये निघाला. ही कंपनी करते काय? तारलीसारखी तेलकट मासळी (तुळू लोक तारलीला भूताई म्हणतात) विकत घ्यायची, शिजवायची, दाबून तेल काढायचे आणि उरलेला चोथा वाळवून दळायचा. ही भुकटी कोळंबीच्या व माशांच्या खाद्यात जाते. चार-पाच किलो मासळीतून भुकटी निघते साधारण एक किलो.

येथेच हिशेबाची खरी गोम आहे. साखर कारखान्याला निदान किती एकर ऊस उभा आहे हे आधी कळते. तारली कोणी पेरत नाही. केरळ किनाऱ्यावर २०१२ साली जवळजवळ चार लाख टन तारली मिळाली होती. २०२१ साली मिळाली अवघी ३,२९७ टन! त्यात पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीस बंदी. म्हणजे मासळी मिळेल तेव्हा साठा करून ठेवायचा, त्यासाठी बँकेचे कर्ज काढायचे आणि माल विकून पैसे हाती येईपर्यंत व्याज भरायचे. म्हणून अशा कंपनीचा नफा पाहण्याआधी ताळेबंदातला मालाचा साठा, येणी आणि अल्प मुदतीचे कर्ज हे तीन आकडे पाहावेत. नफा कागदावर वाढतो आणि रोकड गोदामात अडकते, असे या धंद्यात सहज घडू शकते.

कोळंबीची कथा अधिक बोधप्रद आहे, आणि ती आपल्या पिढीला ठाऊक नाही. १९९० नंतर पूर्व किनाऱ्यावर कोळंबीच्या तलावांची लाट आली. अनेक नव्या कंपन्या भागभांडवलासाठी बाजारात उतरल्या, माहितीपत्रकांवर निर्यातीची मोठमोठी स्वप्ने छापली गेली. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुरोग आला आणि तलावच्या तलाव काही दिवसांत मेले. त्यावर ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, एस. जगन्नाथ यांच्या याचिकेवर, किनारा नियमन क्षेत्रातील पारंपरिक सोडून इतर कोळंबी तलाव पाडण्याचा हुकूम दिला. खाऱ्या पाण्याने शेते व विहिरी नासत होत्या, तेव्हा गावकऱ्यांची तक्रार खोटी नव्हती असेच मला वाटते. पण भागधारकाला कोणी विचारले नाही. २००५ साली किनारी जलकृषी प्राधिकरणाचा कायदा होऊन या धंद्याला पुन्हा कायदेशीर आधार मिळाला. तोवर कित्येक कंपन्या नाहीशा झाल्या होत्या. आमच्या घरी आजोबांनी १९९४ साली घेतलेली अशाच एका कंपनीची शंभर शेअर्सची सर्टिफिकिटे ट्रंकेत आहेत. नाव लिहीत नाही. कागद उत्तम प्रतीचा आहे, एवढे मात्र खरे.

आज धंदा सुधारला आहे. २००९ पासून व्हॅनामी जातीची कोळंबी आली. २०२३-२४ मध्ये देशाची सागरी उत्पादनांची निर्यात ६०,५२३ कोटी रुपये झाली आणि त्यातला सुमारे दोन तृतीयांश हिस्सा गोठवलेल्या कोळंबीचा होता. पण सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका. ऑगस्ट २०२५ मध्ये तिने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली, तेव्हा दूरच्या एका सहीचा भार आंध्रच्या तलावापर्यंत पोचला.

सगळेच चित्र काळे नाही. मुंबईच्या नॉलेज मरीन या गाळ उपसणाऱ्या व छोट्या बोटी पुरवणाऱ्या कंपनीने मार्च २०२१ मध्ये ३७ रुपयांना शेअर विकला आणि पुढे दोन वर्षांत त्याचा भाव हजारावर गेला. तिचा कच्चा माल मासा नाही, तर बंदरांची व सरकारी खात्यांची कंत्राटे आहेत. गाळ दरवर्षी येतोच! मात्र कंत्राटे किती, कोणाची आणि किती वर्षांची, हे तेथे पाहावे लागते.

खोल समुद्रातल्या धातूंविषयी थोडेसेच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' जहाजावरून समुद्रतळाचे धातुगोटे वर काढले. १९८७ साली भारताची 'पायोनियर इन्व्हेस्टर' म्हणून नोंद झाली. म्हणजे गुंतवणूकदार येथे खुद्द भारत सरकारच. उत्खननाची आंतरराष्ट्रीय नियमावली २०२५ अखेरही मंजूर झाली नव्हती. कॅनडाच्या नॉटिलस मिनरल्सने पापुआ न्यू गिनीजवळ समुद्रतळ खणण्याचा बेत केला. २०१९ साली कंपनी बुडाली आणि त्या गरीब देशाच्या सरकारचा पैसाही गेला.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. अशा छोट्या कंपन्यांपैकी कित्येक २०१२ पासून सुरू झालेल्या लघुउद्योग बाजारात नोंदतात. तेथे माहितीपत्रकाची छाननी सेबी नव्हे, शेअर बाजार करतो. शेअर सुटा विकता येत नाही, ठरलेल्या गठ्ठ्यानेच विकावा लागतो. २०२५ पासून अर्जाची किमान रक्कम दोन लाखांच्या वर गेली आहे. ज्याला त्यातले वीस हजार परीक्षेच्या फीसाठी मध्येच लागतील, त्याला तेवढेच मोकळे करता येणार नाहीत.