सिनेमाचा सातबारा

कृष्णवर्णीय दिग्दर्शक रायन कूगलरच्या ‘सिनर्स’मध्ये (२०२५) सुरुवातीलाच एक खरेदी होते. साल १९३२, मुक्काम मिसिसिपी. शिकागोहून पैसे घेऊन परतलेले स्मोक आणि स्टॅक हे जुळे भाऊ (दोन्ही मायकेल बी. जॉर्डनच) एका गोऱ्याकडून बंद पडलेली लाकूड कापायची गिरणी रोख पैसे मोजून घेतात. आपल्या माणसांसाठी त्यांना नाचगाण्याचा अड्डा काढायचाय. व्हॅम्पायर नंतर येतात. बाकीचे त्यांच्यात रमले; मी त्या व्यवहारातच अडकलो.

कारण पडद्यामागेही असाच व्यवहार झाला होता. वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओकडून कूगलरने तीन गोष्टी लिहून घेतल्या. संकलनात शेवटचा शब्द त्याचा, गल्ल्यात पहिल्या डॉलरपासून वाटा, आणि पंचवीस वर्षांनी चित्रपटाची मालकी त्याच्याकडे. पहिल्या दोन गोष्टी बड्या दिग्दर्शकांना मिळतात. तिसरीने मात्र खळबळ उडाली. स्टुडिओची खरी पुंजी म्हणजे जुन्या चित्रपटांचं कोठार. तोच माल टीव्हीला, ओटीटीला पुन्हापुन्हा विकायचा. त्यातला एक दाणा २०५० मध्ये सातबारा बदलून निघून जाणार म्हटल्यावर, नाव न सांगण्याच्या अटीवर पत्रकारांपाशी कुरकुरणारे अधिकारी निघालेच. टॅरेंटिनो या गोऱ्या दिग्दर्शकाला ‘वन्स अपॉन अ टाइम इन हॉलिवूड’साठी सोनीने मालकी परत देण्याचं कबूल केलं होतं, तेव्हा एवढा कांगावा झाला नव्हता. यातून काय समजायचं ते समजावं.

खर्च नऊ कोटी डॉलरच्या घरात. पहिल्या तीन दिवसांत जगभरातून सहा कोटी आले, तरी ‘नफा अजून लांब आहे’ अशा बातम्या झळकल्या. स्वतंत्र कथेच्या चित्रपटाला सहा कोटी मिळूनही असा मथळा का, असं अभिनेता बेन स्टिलरने जाहीरपणे विचारलं. दुसऱ्या आठवड्यात गल्ला एरवी निम्म्यावर येतो; इथे अमेरिकेत तो पाच-सहा टक्केच घसरला. पुढे एकूण आकडा छत्तीस कोटींवर गेला.

कूगलरला मालकीचंच वेड का? चित्रपट कृष्णवर्णीयांच्या मालकीबद्दल आहे म्हणून, असं तो सांगतो. मला त्याच्या ‘क्रीड’चीही (२०१५) आठवण होते. तो चित्रपट ‘रॉकी’च्या घराण्यातला. रॉकी लिहिला स्टॅलोनने, साकारलाही त्यानेच. पण मालकी हक्कात आपला छदामही नाही, हे स्टॅलोनने स्वतःच सांगून झालंय. ज्या घरात मूळ लेखकाचीच ही गत, तिथे कूगलर उमेदवारी करून आला होता.

त्यानंतर ‘ब्लॅक पँथर’ (२०१८). दिग्दर्शक, बहुतेक सगळे नट कृष्णवर्णीय. वेशभूषेसाठी रूथ कार्टर आणि कलादिग्दर्शनासाठी हॅना बीचलर या दोघी त्या-त्या विभागात ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय ठरल्या. कमाई १३४ कोटी डॉलर. पण त्यातल्या काल्पनिक वाकांडा देशाची मालकी डिस्नेकडे, कारण २००९ मध्ये त्यांनी मार्व्हलच विकत घेतलं होतं.

कृष्णवर्णीय दिग्दर्शकांच्या मालकीचा इतिहास थोडक्यात उरकतो. ऑस्कर मिशो नावाच्या शेतकरी-कादंबरीकाराने शेतकऱ्यांना शेअर विकून १९१९ मध्ये ‘द होमस्टेडर’ काढला. कादंबरीवर चित्रपट करायला आधी एक कृष्णवर्णीय कंपनी तयार होती, पण दिग्दर्शन मीच करणार म्हणून तो अडून बसला आणि बोलणी फिसकटली. १९२८ मध्ये त्याचं दिवाळं वाजलं, बोलपट काढायला गोऱ्यांचा पैसा घ्यावा लागला. १९७१ मध्ये मेल्विन व्हॅन पीबल्सने ‘स्वीट स्वीटबॅक’ स्वतःच पैसे उभे करून काढला. १९९२ मध्ये ‘माल्कम एक्स’चे पैसे संपले, तेव्हा स्पाइक लीला ओप्रा विन्फ्री, मॅजिक जॉन्सन वगैरेंकडे हात पसरावे लागले.

अटलांटाला भाचीकडे गेलो तेव्हा कृष्णवर्णीय दिग्दर्शक टायलर पेरीच्या मालकीचा स्टुडिओ कुंपणाबाहेरून बघून आलो. फोर्ट मॅकफर्सन ही जुनी लष्करी छावणी, ३३० एकर. आतल्या बारा स्टेजना सिडनी पॉइटिए, सिसली टायसन अशा कृष्णवर्णीय कलावंतांची नावं. “मामा, आत सोडत नाहीत,” भाचीने आधीच बजावलं होतं, तरी फाटकापाशी रेंगाळलोच. ‘ब्लॅक पँथर’चं चित्रीकरणही इथे झालं. जागा पेरीची, चित्रपट डिस्नेचा.

‘सिनर्स’सारखा करार पुन्हा मागायचा कूगलरचा विचार नाही. पुढचा चित्रपट त्याने जाहीर केलाय: ‘ब्लॅक पँथर’चा तिसरा भाग.