मागचं दिसतंय, पण खरंच दिसतंय का?

पूर्वी ट्रक मागे घ्यायचा म्हटलं, की क्लीनर खाली उतरायचा. ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणत मागे चालायचा आणि थांबवायची वेळ आली, की पत्र्यावर दोन थापा मारायचा. घरच्या मोटारीला असा क्लीनर कधीच नव्हता. अलीकडच्या गाड्यांत ते काम नंबरप्लेटच्या वर बसवलेला बोराएवढा कॅमेरा करतो. रिव्हर्स गिअर टाकला, की समोरच्या पडद्यावर मागचं चित्र येतं. पण हा क्लीनर मुका आहे. त्याला दिसेनासं झालं, तर तो ओरडून सांगत नाही. त्याचं दुखणं आपणच ओळखायला हवं.

इंदापूर तालुक्यातल्या कळससारख्या गावात तर ते ओळखणं फार गरजेचं. इथे गाडी उभी असते ती घरापुढच्या अंगणात. त्याच अंगणात पोरं खेळतात, आजी धान्य निवडत बसते, शेळी बांधलेली असते. अमेरिकेत लाँग आयलंडवर २००२ साली एक डॉक्टर घरासमोर गाडी मागे घेत होते. त्यांचाच दोन वर्षांचा मुलगा कॅमेरून गलब्रॅन्सन गाडीमागे आला आणि दगावला. त्याच्या नावाने २००८ मध्ये तिथे कायदा झाला आणि मे २०१८ पासून तिथल्या नव्या मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत. कॅमेरा मात्र अनेकजण नंतर बाजारातून बसवून घेतात आणि तक्रारी जास्त असतात त्या याच कॅमेऱ्यांच्या.

चित्र पडद्यावर यायला चार गोष्टी धड लागतात : कॅमेऱ्याची काच, त्याला मिळणारी वीज, मधली वायर आणि पडदा. बिघाड शोधायचा तो याच क्रमाने. पहिल्या दोन पायऱ्यांना पैसा लागत नाही, म्हणून थेट ‘कॅमेरा बदला’ या सल्ल्यावर जाऊ नये.

चित्र धूसर आलं, तर आधी काच पाहा. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ तिकडे ओढली जाते. ऊसतोडीच्या हंगामात भवानीनगरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर चार फेऱ्या झाल्या, की काचेवर थर बसतोच. कोरड्या फडक्याने खसाखसा पुसू नका. मातीतली वाळू काचेवर ओरखडे पाडते. आधी पाणी ओतून माती सुटू द्या, मग मऊ ओल्या कापडाने टिपा. बोअरच्या क्षाराच्या पाण्याचे थेंब तिथेच वाळू देऊ नका, पांढरे डाग धरतात. रॉकेल, पेट्रोल, थिनर लावू नका. वॉशिंग सेंटरवर पाण्याचा जोरदार फवारा जवळून कॅमेऱ्यावर मारू देऊ नका. त्याने कडेचं सील सुटतं आणि पाणी आत जातं. काच बाहेरून स्वच्छ असूनही आत दव दिसत असेल, तर मात्र कॅमेरा बदलण्यालाच आला.

चित्रच येत नसेल, तर दुसरी पायरी. इंजिन बंद ठेवा, हॅन्डब्रेक ओढा, चावी फिरवून रिव्हर्स टाका आणि कुणाला तरी बाजूला उभं राहून मागचा पांढरा दिवा पाहायला सांगा. बाहेरून बसवलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांना वीज याच दिव्याच्या वायरीतून दिलेली असते. दिवाच लागत नसेल, तर कॅमेरा निर्दोष आहे. फ्यूज किंवा गिअरबॉक्सवरचा रिव्हर्सचा स्विच तपासा. फ्यूज गेला असेल, तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. चांदीचा कागद गुंडाळून काम भागवलं, तर एक दिवस वायरच जळेल. आणखी एक गोष्ट. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची, तर मोठ्या ट्रकची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते. मोटारीचा कॅमेरा ट्रकला जोडला, तर तो टिकत नाही.

दिवा लागतो, पण पडदा निळा पडून ‘नो सिग्नल’ दाखवतो, याचा अर्थ पडदा जिवंत आहे, चित्र वाटेत अडलं आहे. बहुतेक वेळा पिवळा प्लग सैल झालेला असतो. डिकीचा दरवाजा उघडताना-मिटताना बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर दुमडून तुटते. दरवाजा हलवल्यावर चित्र येत-जात असेल, तर दोष तिथेच समजा. उसाच्या कडेला गाडी उभी राहत असेल, तर उंदरांनी वायर कुरतडलेली नाही ना, तेही पाहा. चित्र थरथरत असेल, आडव्या रेघा येत असतील, तर अर्थिंग सैल असण्याची शक्यता मोठी. रिव्हर्स टाकूनही पडद्यावर गाणीच चालू राहिली, तर पडद्याला ‘रिव्हर्स पडला’ हे कळवणारी बारीक वायर सुटली असेल. ही कामं इलेक्ट्रिशियनची. पण दोष कुठे आहे हे आपण सांगू शकलो, तर वेळ आणि मजुरी दोन्ही वाचते.

चित्र स्वच्छ आहे, पण डावीकडचा माणूस उजवीकडे दिसतो, हाही बिघाडच आणि धोक्याचा. मागचा कॅमेरा आरशासारखं चित्र दाखवायला हवा. काही कॅमेरे पुढे-मागे दोन्हीकडे चालतात आणि त्यांची निवड पडद्याच्या सेटिंगमध्ये किंवा कॅमेऱ्याच्या वायरीवरच्या छोट्या वेढ्यात असते. सोबतचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय तो वेढा कापू नये.

हिरव्या, पिवळ्या, लाल रेषांवरही डोळे झाकून विसंबू नका. कॅमेरा किती उंचीवर आणि किती कलता बसवला, यावर त्यांचं अंतर ठरतं. बंपरपासून एक, दोन आणि तीन मीटरवर विटा ठेवा आणि कोणती वीट कोणत्या रेषेवर येते ते पाहून ठेवा. मग बंपरला अगदी लागून एक बादली ठेवा. ती पडद्यावर दिसली नाही, तर तेवढ्या जागेत बसलेलं मूलही दिसणार नाही.

सगळ्यात घातक बिघाड मात्र वेगळा. काळा पडदा निदान सावध करतो; गोठलेलं चित्र फसवतं. काही पडदे मोबाइलसारखे अडकतात आणि मघाचंच रिकामं अंगण दाखवत राहतात. गाडी जराशी हलली, की पडद्यावरची जमीनही हललीच पाहिजे. नाही हलली, तर तिथेच ब्रेक दाबा.

ट्रॅक्टरच्या कॅमेऱ्याला तर ट्रॉली जोडली, की फक्त ट्रॉलीचा पत्रा दिसतो. तिथे आजही खाली उतरलेला माणूसच हवा. मोटार अंगणातून काढतानाही बसण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारा, पोरं कुठे आहेत ते नजरेने पाहा आणि मगच चावी फिरवा. या फेरीला ना वायर लागते, ना फ्यूज.