घरी बोलावणं आलं तर…

बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाला बाहेरगावाहून कितीतरी बायका येतात. त्यांना मी हमखास सांगते, दर्शन झालं की समोर बघा, तिथं भिडे वाडा होता. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती तिथंच. पार मोडकळीला आलेला तो वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडला.

शाळेत जाताना सावित्रीबाईंवर शेणगोळे फेकले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मैत्रिणींनो, नायगावच्या पत्राची गोष्ट किती जणींना माहीत आहे?

सावित्रीबाई तेव्हा माहेरी, नायगावला होत्या. २९ ऑगस्ट १८६८ ला त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिलं. पंचांग घेऊन गावोगाव फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि महार समाजातली शारजा यांचं प्रेम जमलं होतं. शारजाला सहावा महिना लागलेला. गावकऱ्यांना कळल्यावर दोघांना मारत, गावातून फिरवत नेलं. जिवे मारायचाच बेत होता. सावित्रीबाई धावत गेल्या आणि इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घालून त्यांनी लोकांना थांबवलं. मग लोक म्हणाले, निदान या दोघांनी गाव तरी सोडावं. सावित्रीबाईंनी दोघांना पुण्याला जोतिरावांकडे पाठवून दिलं.

मला यातलं शेवटचं वाक्य फार मोठं वाटतं. मरणाच्या दारातून ओढून आणलं, पण पुढं जायचं कुठं? त्या जोडप्याला पत्ता मिळाला. त्याआधी, १८६३ मध्येच, फुले दांपत्याने गंज पेठेतल्या आपल्या घरी विधवांसाठी बाळंतपणाची सोय केली होती. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्या नाहीतर इथं ठेवा, अशी पत्रकंच शहरात लावली होती. १८८४ पर्यंत अशा ३५ जणी आल्या. अब्रूच्या भीतीने होणारे खून थांबवायचे, तर आधी दार उघडं ठेवावं लागतं, हे त्यांना कळलं होतं.

आज पेपरात ‘ऑनर किलिंग’ छापून येतं. ऑनर कसला डोंबलाचा त्यात? नाशिकला जून २०१३ मध्ये, जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीला आजी फार आजारी आहे असं सांगून बापाने रिक्षात बसवलं आणि गळा आवळला. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द करून २० वर्षांची सक्तमजुरी दिली. या प्रकरणानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली, आणि जुलै २०१७ पासून राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा लागू झाला. डिसेंबर २०२१ मध्ये वैजापूर तालुक्यात आणखी एक लेक गेली. माहेरची माणसं आली म्हणून ती चहा ठेवायला आत वळली होती, असं पोलिसांनी सांगितलं. आरोपी म्हणून भावाला अटक झाली, आणि आईलाही. आई! हे वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

दोन्हीकडे लेक बेसावध होती, कारण माहेरच्यांनी माया दाखवली होती.

मागे आमच्या बचत गटातल्या एका आईने मला बाजूला घेऊन विचारलं, “ताई, पोरगी सुखात आहे. पण दीर म्हणतात, एकदा घरी बोलवा, सगळं मिटवून टाकू. बोलवू का?” मी म्हटलं, “वहिनी, तुम्हाला भेटायचंय ना? मग तुम्ही जा. दिवसाउजेडी, चार माणसांत. दिरांना वेळही सांगू नका.” माय-लेकी आमच्या ओट्यावरच भेटल्या. तासभर नुसत्या रडल्या, मग पोहे खाल्ले.

२७ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात स्पष्ट सांगितलंय: प्रत्येक जिल्ह्यात अशा जोडप्यांसाठी विशेष कक्ष हवा, २४ तास हेल्पलाइन हवी, सुरक्षित निवारा हवा. निवाऱ्यात नाममात्र पैशात महिनाभर, गरज पडली तर वर्षापर्यंत राहता येतं. टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई होऊ शकते. नोंदणी विवाहाच्या नोटिशीचे ३० दिवस सर्वांत धोक्याचे, तेव्हाच संरक्षण मागावं. तातडीला ११२ आहे, महिलांसाठी १८१ आहे.

आम्ही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाबरोबर हे दोन नंबर छापलेलं कार्ड देतो. एकदोघी नाक मुरडतात, पण पर्समध्ये ठेवतात. तुमच्या मंडळाने एवढं करा: चारपाच जणी मिळून पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात जा आणि विचारा, “साहेब, आपल्या जिल्ह्यातला निवारा कुठं आहे?” उत्तर लेखी मागा.